पाकिटावरचे तिकीट

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला दोनदा सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पाककृती मागितली असती तर लगेच दिली असती. पण गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीपायी जुन्या टपाल तिकिटांविषयी मी बरेच वाचले, चार जाणत्यांना विचारले. तेच आज भगिनींपुढे ठेवते.

आमच्या धाकट्याला तिकिटे जमवण्याचा नाद आहे. माळ्यावर सासूबाईंची ट्रंक होती, तीत जुन्या पत्रांचा गठ्ठा निघाला. मी पाकिटांवरची तिकिटे कोमट पाण्याने सोडवली, कडा वेड्यावाकड्या दिसल्या म्हणून कात्रीने सरळ केल्या आणि उरलेले कागद रद्दी समजून बंबात घातले. संध्याकाळी सासूबाईंनी विचारले, "माझी पत्रं कुठं गं?" ती त्यांच्या वडिलांची पत्रे होती. मी खरे ते सांगितले. त्या काहीच बोलल्या नाहीत. जेवायला मात्र उठल्या नाहीत.

पुढे मुलाने ती तिकिटे शाळेतल्या मास्तरांना दाखवली. ते म्हणाले, "कडा कापल्या, पाकीटही गेलं. आता ही वहीत लावण्यापुरतीच." कागदाच्या एवढ्याशा तुकड्याला कडांचे आणि पाकिटाचे एवढे महत्त्व का, हे मला तेव्हापासून जाणून घ्यावेसे वाटले.

जुने तेवढे मोलाचे, असा आपला समज असतो. तो खरा नव्हे. जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट इंग्लंडात मे १८४० मध्ये निघाले. काळ्या रंगाचे, एक पेनीचे, राणी व्हिक्टोरियाचे मुख असलेले. पण ते सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले आणि पुष्कळ लोकांनी जपूनही ठेवले. त्यामुळे ते मानाचे असले तरी दुर्मीळ नाही. किती छापले याहून किती उरले, हे संग्राहक आधी पाहतात.

याचे उत्तम उदाहरण आपल्याकडचेच आहे. त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याचे गोल तिकीट काढले. हेच फ्रिअर पुढे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. 'सिंध डाक' या नावाने ओळखले जाणारे हे तिकीट आशिया खंडातले पहिले. ते तीन प्रकारचे होते : लाल, पांढरे व निळे. लाल तिकीट लाखेच्या पातळ चकतीसारखे होते. टपालाच्या थैलीत आदळआपट झाली की ते पापडासारखे तडकायचे. पांढऱ्या कागदावर नुसती उठावाची नक्षी होती, ती मिणमिणत्या दिव्यात दिसत नसे, म्हणून निळे काढले. सन १८५४ मध्ये साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच तिकिटे निघाली आणि ही बंद झाली. तिन्हींत आज लाल तिकीट सर्वांत दुर्मीळ आहे, त्यातही न तडकलेले. जे सर्वांत लवकर मोडले, तेच सर्वांत मोलाचे ठरले.

दुसरी गोष्ट चुकीची. १८५४ ची तिकिटे कलकत्त्यास शिळाछापावर छापली. त्यांतले चार आण्याचे तिकीट दोन रंगांचे होते : लाल चौकट आणि मधोमध राणीचे निळे मुख. एकच कागद दोनदा छापावा लागे. काही कागद दुसऱ्या खेपेस उलटे लागले आणि राणीचे डोके खाली झाले. अशी उलट्या डोक्याची फारच थोडी तिकिटे आज ठाऊक आहेत. गंमत अशी, की त्या वेळी तिकिटांना सुटे करण्याची भोके नसत, ती कात्रीने कापावी लागत. या तिकिटाची चौकट अष्टकोनी, म्हणून पुष्कळांनी कडेकडेने नीट आठ कोन कापले. जी चौकोनी राहिली, ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि संग्राहक त्यांनाच अधिक मान देतात. हे वाचले तेव्हा मला माझी कात्री आठवली.

आणि आता पाकीट. मॉरिशस बेटावर १८४७ साली एक पेनी व दोन पेन्सची प्रत्येकी केवळ ५०० तिकिटे छापली गेली. त्यांवर 'पोस्ट ऑफिस' असे शब्द आहेत. ते कोरणाऱ्याच्या चुकीने आले अशी कथा फार दिवस सांगत, पण अभ्यासकांनी ती खोटी ठरवली आहे. यांतली एक पेनीची दोन तिकिटे लावलेले एक पत्र १८५० साली मॉरिशसहून मुंबईच्या बायबल सोसायटीच्या चिटणीसांना आले. ते कोणीतरी टाकून न देता ठेवले. १८९७ साली ते हिंदुस्थानात पुन्हा सापडले आणि १९६८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३ लाख ८० हजार डॉलरला विकले गेले. ती दोन तिकिटे पाण्यात सोडवून घेतली असती तर ती कोठून निघाली, केव्हा, कोणासाठी, हे कोण सांगणार? पत्ता आणि शिक्के पाकिटावरच असतात.

आमच्या ट्रंकेतली तिकिटे काही अशी नव्हती. ती साधी, बाजारात सहज मिळणारी होती. त्यामुळे पैशाचे नुकसान झाले नाही. गेले ते पैशाने येणारे नव्हते.

एका तिकिटावर मात्र शिक्क्याचा तुकडा राहिला आहे. त्यात गावाच्या नावाची दोन अक्षरे दिसतात. मी भिंग घेऊन सासूबाईंना दाखवली. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "आमचंच गाव." ते तिकीट मुलाच्या वहीत लावलेले नाही. त्यांच्या पोथीत ठेवले आहे.

म्हणून भगिनींनो, यंदा माळा आवरताना जुनी पाकिटे निघाली तर तिकीट सोडवू नका, कडा कापू नका, चिकटपट्टी लावू नका. आणि बंब पेटवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा.