ऑगस्टाचे तेरावे होल : मैदान लांबवावे की चेंडू आवरावा?

आष्टी (जि. वर्धा) : गोल्फ हा काही आपल्या तालुक्याच्या अंगणातला खेळ नव्हे. तरीही या खेळातील सर्वाधिक चर्चेच्या मैदानांपैकी एक ज्या जमिनीवर उभे आहे, ती जमीन मुळात फळझाडांच्या रोपवाटिकेची होती, हे संत्र्याच्या कलमांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या येथील वाचकाला कळले, तर तो मुलूख त्याला अगदीच परका वाटणार नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा या शहरी बर्कमन्स कुटुंबाची 'फ्रूटलँड' नावाची प्रसिद्ध रोपवाटिका होती. तिची ३६५ एकर जमीन १९३१ मध्ये विकत घेऊन विख्यात खेळाडू बॉबी जोन्स आणि त्यांचे सहकारी क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी 'ऑगस्टा नॅशनल' हा क्लब स्थापन केला. मैदानाची आखणी ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी जोन्स यांच्यासमवेत केली. १९३४ पासून तेथे 'मास्टर्स' ही स्पर्धा भरते. याच मैदानावरील तेरावे होल २०२३ च्या स्पर्धेपूर्वी ३५ यार्डांनी लांबवण्यात आले आणि एक जुना वाद नव्याने पेटला : नामांकित होल कठीण राहावे म्हणून त्यात फेरफार करावा काय?

वादात शिरण्यापूर्वी दोन शब्दांचा खुलासा आवश्यक आहे. 'होल' म्हणजे गोट्यांच्या खेळातील गलीसारखा, चेंडू शेवटी ज्यात पडतो तो सव्वाचार इंच व्यासाचा खळगा. परंतु पहिला फटका जेथून मारायचा त्या 'टी'पासून खळगा असलेल्या बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंत, म्हणजे 'ग्रीन'पर्यंत, पसरलेल्या संपूर्ण पट्ट्यालाही होलच म्हणतात. अशी अठरा होल मिळून एक मैदान होते. निष्णात खेळाडूला एखादे होल पूर्ण करण्यास जितके फटके लागावेत अशी अपेक्षा असते, तो आकडा म्हणजे 'पार'. ऑगस्टाच्या तेराव्या होलचा पार पाच आहे. तीन फटक्यांत ग्रीनवर पोहोचावे आणि आणखी दोन फटक्यांत चेंडू खळग्यात घालावा, असा हा साधा हिशेब आहे.

या होलची कीर्ती मात्र तो हिशेब मोडण्याच्या मोहावर उभी आहे. टीपासून निघालेला पट्टा काही अंतरावर डावीकडे झपकन वळतो. डाव्या कडेने रेज क्रीक या ओढ्याचा एक फाटा वाहत येतो आणि नेमका ग्रीनच्या पुढ्यात आडवा होतो. उजवीकडे पाइन वृक्षांची दाटी आहे. जमीन उजवीकडून डावीकडे उतरती असल्याने उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पावलांपेक्षा वर राहतो आणि तेथून मारलेला फटका आपसूक डावीकडे, म्हणजे पाण्याच्या दिशेने, ओढला जातो. ग्रीनच्या मागे वाळूचे खड्डे आहेत. टीपासून ग्रीनपर्यंत अझेलियाची सुमारे सोळाशे झुडपे लावलेली असून होलचे नावही 'अझेलिया' हेच आहे. एप्रिलमध्ये, स्पर्धेच्या दिवसांत, ती फुललेली असतात.

पहिला फटका ओढ्याच्या कडेकडेने धाडसाने मारला, तर वळण जवळ पडते आणि दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठता येते. मात्र त्यासाठी वाकड्या उतारावर उभे राहून पाण्यावरून लांब पल्ल्याचा फटका मारावा लागतो. साधला तर पारपेक्षा एक किंवा दोन फटके वाचतात, फसला तर तितकेच किंवा त्याहून अधिक गमवावे लागतात. ज्याला हा सौदा नको, त्याने दुसरा फटका ओढ्याच्या अलीकडेच ठेवावा आणि तिसऱ्यात ग्रीनवर यावे. खेळाडूला येथे मोठा निर्णय घ्यावा लागावा, हाच जोन्स यांचा हेतू होता आणि त्यांनी तो वेळोवेळी मांडला होता.

या निर्णयाने अनेकांची परीक्षा पाहिली. १९७८ मध्ये जपानच्या त्सुनेयुकी ऊर्फ टॉमी नाकाजिमा यांना या तेराव्या होलवर तेरा फटके मोजावे लागले. ओढ्यातून काढू पाहिलेला चेंडू उसळून त्यांच्याच पायावर पडला, त्याचे दोन फटके दंड. मग काठी पाण्यात निसटली, त्याचेही दोन. १९८५ मध्ये अखेरच्या दिवशी आघाडीवर असलेल्या कर्टिस स्ट्रेंज यांचा चेंडू येथे पाण्यात गेला, पंधराव्या होलवर पुन्हा गेला आणि विजेतेपद जर्मनीच्या बर्नहार्ड लँगर यांच्याकडे गेले. उलटपक्षी २०१० मध्ये डावखुऱ्या फिल मिकेलसन यांनी उजवीकडील झाडीत, पाइनच्या वाळक्या काड्यांवर पडलेला चेंडू दोन झाडांमधील फटीतून दोनशेहून अधिक यार्ड मारून खळग्याच्या अगदी जवळ नेला. त्यानंतरचा छोटा फटका चुकला ही गोष्ट वेगळी. ती स्पर्धा त्यांनी जिंकली.

हा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा होता. दुसरा फटका लांबच असणार, हे ते गृहीत. तेच ढासळले. प्रारंभी हे होल सुमारे ४८० यार्डांचे होते. त्या काळी काठीचे डोके लाकडाचे आणि चेंडू रबराचा धागा गुंडाळून केलेला असे. पुढे धातूची, मग टायटॅनियमची मोठी डोकी आली. २००० च्या सुमारास भरीव गाभ्याचे, अनेक थरांचे चेंडू व्यावसायिक खेळाडूंनी झपाट्याने स्वीकारले. शिवाय व्यायामशाळेत घडवलेली शरीरे आणि प्रत्येक फटक्याचा वेग व कोन मोजणारी यंत्रे आलीच. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यात पहिल्या फटक्याची सरासरी १९८० मध्ये सुमारे २५७ यार्ड होती, ती २०२३ मध्ये ३०० च्या घरात पोहोचली. २०१४ च्या अखेरच्या दिवशी बब्बा वॉटसन यांनी तेराव्या होलवर पहिला फटका कोपऱ्यावरील झाडांच्या पलीकडे ३६६ यार्ड पाठवला. होल तेव्हा ५१० यार्डांचे होते. दुसऱ्या फटक्यासाठी सुमारे १४० यार्ड उरले आणि त्यांनी तो सँड वेज या आखूड पल्ल्याच्या काठीने ग्रीनवर नेला. जेथे मोठा निर्णय घ्यायचा, तेथे निर्णय घेण्याचे कारणच उरले नाही.

क्लबने हात बांधून घेतले होते असे नाही. २००२ मध्ये नऊ होल मिळून २८५ यार्डांची वाढ झाली आणि तेरावे ४८५ वरून ५१० वर गेले. पुढे मागे सरकण्यास जागा नव्हती, कारण टीच्या पाठीशी शेजारच्या 'ऑगस्टा कंट्री क्लब'ची हद्द होती. २०१७ मध्ये ऑगस्टा नॅशनलने शेजाऱ्यांकडून जमीन खरेदी केली. तरीही क्लबने लगेच टी हलवली नाही. जोन्स यांना अभिप्रेत असलेला निर्णय आता बऱ्याच अंशी अप्रस्तुत झाला आहे, अशी कबुली अध्यक्ष फ्रेड रिडली यांनी दिली होती. मात्र चेंडूच्या पल्ल्याबाबत खेळाच्या नियामक संस्था काय ठरवतात, याची वाट पाहण्याकडे क्लबचा कल होता. अखेर २०२३ मध्ये टी मागे गेली आणि होल ५४५ यार्डांचे, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर लांबीचे झाले.

बदलाच्या विरोधकांचे म्हणणे सरळ आहे. लांबी वाढवली की सर्वांत लांब मारणारे थोडे मागे येतात हे खरे. पण मध्यम पल्ल्याच्या खेळाडूला दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठण्याचा विचारच सोडावा लागतो. मोह निर्माण करणारे होल मग मुकाट्याने तीन फटक्यांत उरकण्याचे होल बनते. त्यातील जुगार नाहीसा होतो आणि प्रेक्षकांचा हिरमोडही होतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कठीणपणा आणि लांबी या एकच गोष्टी नव्हेत, याचा पुरावा ऑगस्टावरच, चार पावलांवर आहे. लगतचे बारावे होल अवघे १५५ यार्डांचे आहे. एका फटक्यात ग्रीनवर जायचे, एवढेच त्याचे मागणे. तेथे नवा चेंडू आणि नवी काठी यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण खेळाडूची झुंज झाडांच्या शेंड्यांवर फिरणाऱ्या वाऱ्याशी असते. १९८० मध्ये टॉम वाइस्कॉफ यांना तेथे तेरा फटके लागले आणि २०१६ मध्ये आघाडीवरील जॉर्डन स्पीथ यांनी तेथेच सात फटके घेऊन हातची स्पर्धा घालवली.

बदलानंतरचे तेरावे होल मात्र निर्जीव झालेले नाही. २०२५ च्या अखेरच्या दिवशी भक्कम आघाडीवर असलेल्या रोरी मॅकिलरॉय यांनी येथे शहाणपणाचा मार्ग धरला. दुसरा फटका ओढ्याच्या अलीकडे ठेवला आणि मग शंभर यार्डांहूनही कमी अंतरावरून, वेज हाती असताना, तिसरा फटका थेट पाण्यात घातला. सात फटके झाले. पुढे ते जस्टिन रोझ यांच्याशी बरोबरीत आले आणि जादा होलवर जिंकले. सावध खेळणाऱ्यालाही हे होल सोडत नाही, इतके तरी त्यातून दिसले.

सेंट अँड्र्यूजचा अनुभव

नाकाजिमा यांचे १९७८ हे वर्षच वाईट होते म्हणायचे. ऑगस्टानंतर काही महिन्यांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे 'ओपन' स्पर्धेत, सतराव्या 'रोड होल'वर, त्यांचा ग्रीनवरचा हलका फटका घरंगळून बाजूच्या वाळूच्या खड्ड्यात गेला आणि बाहेर पडेपर्यंत एकूण नऊ फटके झाले. या होलच्या ग्रीनमागे खरोखरीचा रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत आहे. १९८४ मध्ये टॉम वॉटसन यांचा चेंडू त्या रस्त्यावर गेला आणि सहाव्या ओपन विजेतेपदाची त्यांची संधी हुकली.

या होललाही हात लागला. २०१० च्या ओपनपूर्वी टी सुमारे ४० यार्ड मागे नेऊन त्याची लांबी ४९५ यार्ड करण्यात आली आणि ही नवी टी जुन्या मैदानाच्या हद्दीबाहेर घ्यावी लागली. २०१२ मध्ये त्या कुप्रसिद्ध खड्ड्याची रुंदी वाढवण्याचे काम निघाले, तेव्हा अधिक मोठी ओरड झाली. जुन्या वास्तूच्या भिंतीला गिलावा करण्यासारखे ते अनेकांना वाटले. वास्तविक गोल्फचे मैदान म्हणजे दगडी लेणे नव्हे. गवत वाढते, वाळू उडून कडांवर साचते, झाडे पसरतात. काहीच केले नाही तरी होल बदलतच असते. ऑगस्टातही १९३४ च्या पहिल्या स्पर्धेनंतर पुढील नऊ व मागील नऊ होलांची अदलाबदल झाली होती आणि १९४७ मध्ये सोळावे होल जवळपास नव्याने बांधले गेले. तेव्हा 'मूळ रूप जपा' हा युक्तिवाद ऐकायला गोड असला, तरी फार दूर नेत नाही.

खरी अडचण जमिनीची आहे. मास्टर्स कित्येक दशके सुमारे ६,९०० यार्डांच्या मैदानावर खेळली गेली. आता ती लांबी ७,५०० यार्डांच्या पुढे गेली आहे. ऑगस्टाकडे पैसा आहे, शेजाऱ्याची जमीन घेता येते. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा ताडदेवचे विलिंग्डन यांसारख्या, शहराने चारही बाजूंनी वेढलेल्या मैदानांनी काय करायचे? जादा यार्डाला जादा गवत, जादा पाणी आणि जादा देखभाल लागते. पाण्याची टंचाई विदर्भातील शेतकऱ्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

इतर खेळांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होन यांनी भाला १०४.८० मीटर फेकला, तेव्हा क्रीडांगणे वाढवण्यात आली नाहीत. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला आणि भाला लवकर खाली येऊ लागला. आपल्या नीरज चोप्रा यांची २०२५ मधील दोहा येथील ९०.२३ मीटरची फेक या नव्या भाल्याची आहे. होन यांच्या आकड्याशी तिची तुलना होत नाही आणि कुणी करतही नाही. क्रिकेटमध्ये बॅटी जाडजूड झाल्या आणि चुकलेले फटकेही सीमापार जाऊ लागले. त्यावर ऑक्टोबर २०१७ पासून बॅटीच्या कडेची जाडी ४० मिलिमीटर व एकूण जाडी ६७ मिलिमीटर अशी बांधून देण्यात आली. वर्धा मार्गावरील जामठ्याचे स्टेडियम त्यासाठी पाडून मोठे करावे, असे कुणी सुचवले नाही.

गोल्फच्या दोन नियामक संस्थांनी, म्हणजे अमेरिकेची यूएसजीए आणि सेंट अँड्र्यूजची आर अँड ए यांनी, डिसेंबर २०२३ मध्ये अखेर तोच मार्ग निवडला. चेंडूची चाचणी ताशी १२० ऐवजी १२५ मैल वेगाच्या फटक्यावर घेण्याचे ठरले. पल्ल्याची मर्यादा तीच राहिली. परिणामी सर्वांत लांब मारणाऱ्यांचा पल्ला सुमारे १३ ते १५ यार्डांनी घटेल आणि हौशी खेळाडूचा पाच यार्डांहून अधिक घटणार नाही, असा संस्थांचा अंदाज होता. जाहीर झालेल्या वेळापत्रकात व्यावसायिकांसाठी २०२८ आणि इतरांसाठी २०३० ही वर्षे होती. चेंडू बनवणाऱ्या कंपन्या आणि अमेरिकेतील व्यावसायिक दौरा यांनी विरोध नोंदवला; लांब फटका हेच आकर्षण आहे, असा त्यांचा सूर होता. रिडली यांनी मात्र संस्थांच्या निर्णयाला पाठिंबा दिला.

या प्रतिनिधीच्या मते २०२३ चा बदल योग्य होता, पण तो उपाय नव्हे, उसनवारी आहे. तेराव्या होलला त्याचा हरवलेला निर्णय परत मिळवून देणे आवश्यक होते आणि चेंडूचा निर्णय लांबत असताना क्लबच्या हाती दुसरे साधन नव्हते. पण १३ ते १५ यार्डांची कपात ही ३५ यार्डांच्या वाढीच्या निम्मीही नाही. फटक्यांचा वेग याच गतीने वाढत राहिला, तर आणखी वीस वर्षांनी टी पुन्हा मागे नेण्याचा प्रश्न येईल. मागे आता शेजारच्या क्लबची, जमीन विकल्यानंतर नव्याने आखलेली होल आहेत.