बालाघाटाचा उंबरठा : मेडशीच्या चढावरील वाटांचा इतिहास

वऱ्हाडच्या जुन्या महसुली भाषेत या प्रांताचे दोन भाग मानले जात : घाटाखालचा तो पायनघाट आणि घाटावरचा तो बालाघाट. ‘पायीन’ म्हणजे खालचा आणि ‘बाला’ म्हणजे वरचा. या दोन फारसी शब्दांना मराठी ‘घाट’ जोडून ही नावे झाली, आणि हे मिश्रणच सांगते की कारभार फारसीतून चालत असला तरी जमिनीचा चढउतार मात्र स्थानिकांच्या तोंडूनच समजून घ्यावा लागत होता. अकोल्याहून वाशिमकडे निघालेला वाटसरू पातूरपर्यंत पायनघाटात असतो, पातूरच्या पुढचा डोंगर चढून गेल्यावर बालाघाटात येतो, आणि त्या चढानंतर ज्या गावाशी त्याला थांबावेसे वाटते ते मेडशी. आज हे गाव वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, जिल्ह्याच्या उत्तर हद्दीजवळ आहे. त्याचा इतिहास किल्ल्याचा किंवा राजधानीचा नाही, तर वाटेवरच्या मुक्कामाचा आहे, आणि अशा गावांकडे इतिहासलेखनाचे लक्ष सहसा जात नाही.

हा चढ कसा घडला ते आधी पाहिले पाहिजे. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झाले. या खडकाला भूशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. अजिंठ्याची डोंगररांग ही या पठाराची वऱ्हाडातली एक मोठी पायरी होय. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे 280 मीटरवर, तर वाशिम साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, आणि मधल्या उंचीचा बराचसा भाग या डोंगरपट्ट्यातच चढावा लागतो. हीच रांग पाणलोटाची सीमाही आहे. काटेपूर्णा, मोर्णा, निर्गुणा या नद्या येथून उत्तरेकडे पूर्णेला मिळून तापीवाटे अरबी समुद्राला जातात, तर दक्षिण अंगाचे पाणी पैनगंगेतून गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते.

अशा डोंगरावर एकच वाट असते असे समजणे चुकीचे ठरेल, कारण चालणाऱ्याच्या पायांप्रमाणे वाट बदलते. डोक्यावर मोळी घेतलेला माणूस डोंगराच्या सोंडेवरून जवळजवळ सरळ वर चढतो. पाठीवर गोणी लादलेला बैल नाल्याच्या कडेने, कमी चढाची आणि पाण्याजवळची वाट धरतो. बैलगाडीला मात्र डोंगर कापून, वळणे देऊन तयार केलेला रस्ताच लागतो. पायवाट, बैलवाट आणि गाडवाट या तीन शब्दांमागे म्हणूनच तीन वेगवेगळी वळणे असतात, आणि एकाच चढावर ती कुठे एकमेकींना छेदतात तर कुठे बरीच दूर जातात. पायनघाटातील काळी जमीन पावसात चाकाला आणि खुराला धरून ठेवते, त्यामुळे तेथील वाहतूक दिवाळीनंतर खुली होई. डोंगरावरचा मुरूम मात्र पाणी धरत नसल्याने, चढ दमवणारा असला तरी पायाखालची वाट तेथेच अधिक भरवशाची असे.

घाटावरच्या प्रदेशाला प्राचीन काळी जे महत्त्व होते ते वाशिमच्या जुन्या नावात टिकून आहे. वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, म्हणजे पश्चिमेकडे याच डोंगररांगेत. दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशिम येथे सापडलेला ताम्रपट या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. राज्यवर्ष 37 मधील या दानपत्रात दान दिलेले गाव नांदीकडाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, ‘उत्तर मार्गा’त असल्याचे सांगितले आहे. येथे ‘मार्ग’ हा शब्द प्रशासकीय विभागासाठी आला आहे. प्रदेशाची ओळख त्यातून जाणाऱ्या वाटेवरून ठरत असावी, असे या शब्दावरून वाटते. (याच वत्सगुल्माच्या नावावरून वैदर्भी काव्यशैलीला प्राकृतात ‘वच्छोमी’ हे नाव मिळाले, आणि दंडीसारखा काव्यशास्त्रकार शैलीलाच ‘मार्ग’ म्हणतो, हा योगायोग मोहक असला तरी त्यावर सिद्धांत उभारू नये.) वाशिमहून उत्तरेला उतरताना पातूरपाशी खडकात कोरलेली लेणी लागतात. चढाच्या पायथ्याशी लेणी आणि पठारावर राजधानी, ही मांडणी केवळ अपघाताने झाली असेल असे वाटत नाही.

अकबराच्या काळी अबुल फझलाने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना तो दोन डोंगररांगांमध्ये वसल्याचे सांगितले आहे. मेहकरच्या सरकारातील, म्हणजे तत्कालीन जिल्ह्यातील, लोणारच्या सरोवराजवळ काच व साबण यांना लागणारा क्षार मिळतो, असेही तो नोंदवितो. घाटावर लोणारचा क्षार, तर घाटाखाली आज खारपाणपट्टा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या विहिरींचे मीठ. वर आणि खाली पिकणाऱ्या व निघणाऱ्या वस्तू वेगळ्या असल्या की त्यांच्यामधला डोंगर व्यापाराला आडवा येत नाही, उलट तोच व्यापाराचे कारण होतो.

ही ने-आण ज्यांनी शतकानुशतके केली ते बंजारे. पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या गोणी घातलेल्या बैलांचा तांडा हे त्यांचे वाहन, नायक हा त्याचा प्रमुख आणि ‘लदेणी’ म्हणजे लादून नेण्याचा व्यवसाय हे त्यांचे जीवन. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला 1632 साली उत्तर हिंदुस्थानात 14,000 बैलांचा तांडा भेटला होता, आणि असा तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नसे असे त्याने लिहिले आहे. दिवसाच्या चालीच्या या आकड्यातून मेडशीसारख्या गावाचे स्थान उलगडते. चढाच्या खाली एक मुक्काम आणि चढ संपल्यावर दुसरा, हा हिशेब बैलाच्या दमाने ठरविलेला असतो आणि राजवट बदलली तरी तो बदलत नाही. गोणी उतरवायला मोकळे माळरान, बैलांना चारा आणि पाणी, या तीन गोष्टी जिथे मिळतील तिथे तळ पडे.

लदेणीचा ऱ्हास लोहमार्गाने झाला. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि 1867 साली भुसावळकडून आलेला लोहमार्ग पायनघाटातून नागपूरला पोचला. अमेरिकेतील यादवीच्या वर्षांत कापसाचे भाव भडकल्याने घाटावरचाही कापूस अकोल्याच्या बाजाराकडे ओढला जाऊ लागला, आणि त्याला आता बैलाची पाठ नव्हे तर गाडी हवी होती. पुढे अकोल्याहून वाशिम, हिंगोली आणि पूर्णा या गावांकडे रेल्वे आली तेव्हा तिने पातूर-मेडशीचा चढ टाळून बार्शीटाकळी आणि जऊळक्याकडून वाट काढली. ‘तांडा’ या शब्दाचा अर्थही याच उलथापालथीत बदलला : पूर्वी जो चालता काफिला होता तो आता डोंगराच्या कडेची स्थिर वस्ती झाला. वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान असून ते देशभरातील बंजाऱ्यांचे श्रद्धास्थान आहे. एके काळच्या वाटाड्यांचे तीर्थ याच पठारावर असणे त्यांच्या जुन्या वाटांशी सुसंगतच आहे.

मालवाहतूक गेली तरी लहान वाटा मेल्या नाहीत, कारण त्यांचे धनी वेगळे होते. मोहाची फुले, तेंदूपत्ता, धावड्याचा डिंक आणि सरपण यांसाठी आंध समाजातील व इतर गावकरी साग-सालईच्या या जंगलात जात राहिले. जंगल राखीव झाल्यावर याच वाटा हक्काचा आणि तक्रारीचा विषय बनल्या. महसूल खात्याच्या गाव नकाशात या वाटांना जी जागा आहे ती पाहण्यासारखी आहे. तुटक दुहेरी रेषा म्हणजे ग्रामीण गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. सर्व्हे नंबरांच्या जाड हद्दींमधून ही बारीक तुटक रेष वाकडीतिकडी निघते, एखाद्या नाल्यापाशी संपल्यासारखी वाटते आणि पलीकडच्या गावाच्या नकाशात पुन्हा सुरू होते. विदर्भापुरती आणखी एक सोय 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कायम ठेवली गेली : वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावातील पाण्याच्या आणि वहिवाटीच्या वाटेच्या रूढी नोंदविणारा दस्तऐवज. ‘वहिवाट’ हा शब्दच येथे सारे सांगून जातो. वाट वापरात आहे, म्हणून ती आहे. नांगराने दरवर्षी एकेक हात आत सरकणाऱ्या पांदणीपुढे हा कायदा किती पुरतो, हे तहसील कचेरीतल्या रस्त्याच्या दाव्यांवरून कोणालाही कळेल.

डोंगरवाटा जपण्याची एक निराळी रीत ऑस्ट्रेलियात दिसते. व्हिक्टोरिया राज्यातील बर्फाळ उंच पठारांवर तेथील आदिवासी उन्हाळ्यात बोगाँग नावाचे पतंग खाण्यासाठी जमत. पुढे गोऱ्या गुराख्यांनी आपली गुरे तेथे चढविली आणि लाकडी झोपड्या बांधल्या. 1889 सालची वॉलेस बंधूंची झोपडी अजून उभी आहे. 1989 मध्ये तेथे अल्पाइन राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, 2005 मध्ये गुरचराई बंद करण्यात आली, आणि आज सुमारे 650 किलोमीटरचा पदभ्रमणमार्ग वॉलहॅला गावापासून कॅनबेराजवळच्या थारवापर्यंत जातो. बर्फात चुकू नये म्हणून काही ठिकाणी वाटेच्या कडेने खांबही रोवलेले आहेत. तेथे वाट टिकली ती चराईचा धंदा काढून घेऊन, केवळ हौशी चालणाऱ्यासाठी. मेडशीच्या परिसरात मेडशी नावाचे वनपरिक्षेत्र आहे आणि जवळच काटेपूर्णा अभयारण्यही आहे, पण येथील जुन्या वाटांना पाटी किंवा खांब मिळाला नाही. जी मुख्य वाट होती तिच्या दिशेने आज अकोल्याहून तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा 161 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धावतो.

तरीही वर्षातून एकदा हा चढ पायांनी चढला जातो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला निघते तेव्हा ती अकोल्याहून वाडेगाव, पातूर, मेडशी, डव्हा, शिरपूर, रिसोड अशा क्रमाने मराठवाड्यात जाते. या नावांची माळ नीट पाहिली तर जुन्या मुक्कामांचे गणित पुन्हा हाती लागते : पातूरला चढाच्या पायथ्याशी एक मुक्काम, मेडशीला माथ्यावर दुसरा. पुढचे डव्हा हे नाथनंगे महाराजांचे स्थान, शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन तीर्थ. म्हणजे एका पंथाची दिंडी दुसऱ्यांच्या तीर्थांना टेकत जाते. गजानन महाराज 1878 मध्ये शेगावात प्रकटले आणि 1910 मध्ये त्यांनी समाधी घेतली. पायी पालखीची ही प्रथा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाली. जवळपास सातशे वारकरी, टाळ-मृदंग आणि पताका असा हा सोहळा डांबरी रस्त्याने चालतो, म्हणजे जमिनीवरची नेमकी बैलवाट तो धरीत नाही, परंतु दिवसभराच्या चालीचे माप तेच राहते. ज्येष्ठातल्या उन्हात घाट चढून आलेल्या या लोकांसाठी मेडशीत पाण्याची आणि जेवणाची तयारी होते, तंबू पडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठतात. परतीच्या वेळी पालखी मेहकर आणि खामगावकडून शेगावला पोचते, त्यामुळे मेडशीचा घाट तिच्या वाट्याला केवळ चढण म्हणूनच येतो.