डेझर्ट कूलर

कोरड्या, उष्ण हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने घर थंड करणारे यंत्र. पंप टाकीतले पाणी तिन्ही बाजूंच्या ताट्यांवर सोडतो. पंखा त्यांतून हवा आत ओढतो आणि बाष्पीभवनात उष्णता खर्ची पडून ती थंड होते. विदर्भात उन्हाळी पारा ४५° से.च्या वर जातो, पण हवा कोरडी असते. म्हणून नागपूर-अकोल्यात कूलर घरोघरी दिसतो. दमट कोकणात त्याचा फारसा उपयोग नाही. खोलीची एक खिडकी उघडी हवीच, नाहीतर ओलावा कोंडतो.

लाकडी तंतूंच्या ताट्या क्षारांनी कडक होतात. त्या दर उन्हाळ्याआधी बदलाव्यात. त्यांच्या जागी मधाच्या पोळ्यासारखे सेल्युलोज पॅड बसवणे ही सर्वांत लाभदायक सुधारणा. ते काही वर्षे टिकतात. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी तिच्या कडांना चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात, त्यामुळे नुसते पाणी बदलून भागत नाही. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग अत्यावश्यक आहे. विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत : पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा.