बचावफळीतील खेळाडूंची अग्रनिवड : एक ऐतिहासिक विचार

अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजेच ‘ड्राफ्ट’, १९३६ साली सुरू झाली. दुर्बल संघास प्रथम निवडीचा मान मिळावा, हे तिचे मूलतत्त्व होय. हा मान बचावाच्या आघाडीवरील खेळाडूसाठी खर्चणे कितपत फलदायी ठरते?

बफेलो संघाने १९८५ मध्ये ब्रूस स्मिथ ह्यास प्रथम निवडले. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच पाडण्याचा २०० वेळांचा विक्रम त्याने प्रस्थापित केला. उलट, १९९२ मध्ये इंडियानापोलिसने प्रथम निवडलेला स्टीव्ह एम्टमन दुखापतींमुळे तीन हंगामांत त्या संघाकडून केवळ १८ सामने खेळू शकला. २०१४ चा दाखला अधिक बोलका आहे. जडेव्हियन क्लाउनी पहिला निवडला गेला, ॲरन डॉनल्ड तेरावा. परंतु वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा बहुमान २०१७, २०१८ व २०२० मध्ये लाभला तो डॉनल्डला.

तात्पर्य, निवडीचा क्रम हा निवडणाऱ्याच्या अपेक्षेचा निदर्शक होय, खेळाडूच्या भावी कर्तृत्वाचा नव्हे. संघ अग्रक्रमास वाजवीपेक्षा अधिक मोल देतात, हा मॅसी व थेलर ह्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला सर्वसाधारण निष्कर्ष येथेही लक्षात घ्यावा लागतो. अग्रनिवड कधी फळते, हे खरे. परंतु ती फळेलच असे मानून तिच्यासाठी पुढील अनेक निवडींवर पाणी सोडणे ह्या इतिहासास धरून नाही.