हंबोल्टची खाच

हंबोल्ट हे नाव मला ठाऊक होतं ते राणीच्या बागेतल्या पेंग्विनांपुरतं. २०१६ साली ते मुंबईत आले, मीही रांग लावून पाहून आलो. त्यांच्या नावात हंबोल्ट कशाला, हे विचारायचं काही सुचलं नाही. मग भाच्याने एक फोटो पाठवला. तो वॉशिंग्टन राज्यात, टकोमाच्या बाजूला राहतो. तोडलेल्या डग्लस फरचा भलामोठा खुंट होता, मागून सपाट आणि पुढून कौलारू घराच्या पाखीसारखा उतरता. खाली लिहिलं होतं : ‘मामा, इथले लाकूडतोडे या खाचेला हंबोल्ट म्हणतात. तुझ्या पेंग्विनचा कोण लागतो?’

लागतो. दोघांचं मूळ एकाच माणसाकडे जातं, आणि त्या माणसाला ही खाच दाखवली असती तर त्याने कपाळाला हात लावला असता.

आधी खाच. झाड ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला बुंध्यात पाचरीच्या आकाराचा तुकडा काढतात. मग मागच्या बाजूने काप घेतात, पण आरपार नेत नाहीत. मधे लाकडाची एक पट्टी राखतात. ती बिजागरीचं काम करते आणि झाड तिच्यावर वळून खाचेच्या दिशेने झुकतं. इथवर जग एकमताचं आहे. मतभेद आहे तो पाचर कुठून काढायची यावर. सर्वसाधारण रीत अशी, की खालचा काप आडवा आणि वरचा तिरका. म्हणजे पाचर ओंडक्यातून निघते आणि खुंट सपाट राहतो. हंबोल्ट म्हणजे हेच उलटं करणं : वरचा काप आडवा, तिरका काप खालून. पाचर खुंटातून जाते, ओंडक्याचं टोक चौरस मिळतं.

आता नाव. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट (१७६९–१८५९) हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या थंड सागरी प्रवाहाला त्याचं नाव मिळालं आणि प्रवाहावरून पेंग्विनला. (हिमालयात यायचं म्हणून त्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे खेटे घातले, कंपनीने परवानगी दिली नाही. नाहीतर आपल्याकडेही त्याच्या नावाचं काहीतरी असतं.) १८५० साली कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर पोचलेल्या एका जहाजाच्या मंडळींनी तिथल्या उपसागराला त्याचं नाव दिलं. १८५३ साली त्या भागाचा जिल्हा झाला, तोही हंबोल्टच. तो रेडवूडचा मुलूख, शंभर मीटरच्या वर जाणाऱ्या झाडांचा. हंबोल्टने स्वतः तिथे पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. जिल्ह्यावरून खाच, हे मला पक्कं वाटतं. नेवाडातही हंबोल्ट नावाचा जिल्हा आहे असं कुणी सांगेल. आहे, पण तो बहुतेक वाळवंटी. तिथे खाच मारायची कशाला?

आणि या हंबोल्टने १८०० साली काय पाहिलं होतं? व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सिया सरोवराचं पाणी का आटतंय याचा शोध घेताना त्याने दोन कारणं धरली : मळ्यांसाठी वळवलेले ओढे आणि भोवतालच्या डोंगरांवरची तोडलेली झाडं. जंगल गेलं की झरे आटतात आणि उघडी माती पावसात वाहून जाते, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारे त्या काळी फार थोडे. झाडं तोडू नका म्हणणाऱ्याचं नाव झाड पाडायच्या रीतीला चिकटलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसा इथे गोतातला शहाणाच दांड्याला लावला.

पण खाच उलटी का झाली? पहिलं उत्तर लाकडाच्या मोलाचं. तीन मीटर व्यासाचा रेडवूड घ्या. खाच व्यासाच्या पाव भाग खोल आणि कोन ४५ अंशांचा धरला, तर तोंडाची उंची पाऊण मीटर. साध्या रीतीत एवढा तुकडा तळच्या ओंडक्यातून जातो, आणि सगळ्यांत चांगलं लाकूड तिथेच. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. ओंडका वाचवायची हौस स्वीडनच्या गिरणीवाल्यालाही असतेच की. दुसरं उत्तर उताराचं : तीव्र चढावर बुंध्याचं टोक खुंटाच्या पाखीवरून घसरून लवकर जमिनीला टेकतं, आणि रेडवूडसारखं ठिसूळ लाकूड फुटायचं वाचतं. हेही खरं, पण आल्प्समध्ये काय कमी चढ आहे? तिथे ही रीत का रुळली नाही?

माझं म्हणणं, निकाल खुंटाच्या उंचीवर लागतो. तिरका काप खालून घ्यायचा तर खाली जागा हवी. पॅसिफिक किनाऱ्यावरचे जुने लाकूडतोडे बुंध्यात खोबणी पाडून फळ्या बसवत, त्यांवर उभे राहत आणि तळाचा फुगलेला, चिवट, डिंकाळ भाग सोडून वर कापत. पुरुषभर खुंट नाहीतरी वायाच जायचा. त्यातूनच पाचर काढली तर बिघडलं कुठे?

या तर्कावर पहिला घाव फोटोंनीच घातला. छायाचित्रकार डेरियस किन्सीने वॉशिंग्टनच्या जंगलांत टिपलेली चित्रं पाहा. अवाढव्य झाडाच्या खाचेत लाकूडतोडा ऐसपैस आडवा झालेला दिसतो. आडवा होता येतं म्हणजे खाचेचा तळ सपाट. हंबोल्ट असती तर बिचारा घरंगळून बाहेर पडला असता. फळ्या होत्या, उंच खुंट होते, तरी खाच साधीच. असं का? कारण कुऱ्हाड वरून खाली चालते. खाचेचं छत तासून काढणं सोपं, तळ खालून वर तासणं म्हणजे शिक्षाच. चेनसॉला वर-खाली सारखंच. म्हणून माझा अंदाज, की उलटी खाच आधी कुठेकुठे असली तरी तिचं राज्य आलं ते चेनसॉबरोबर.

चेनसॉची कुळकथा सगळ्यांना पाठ आहे : १८३०च्या सुमाराचं हाइनेचं हाड कापायचं यंत्र, १९२०च्या दशकातल्या श्टील आणि डोलमार या कंपन्या, १९४७ साली ओरेगॉनच्या जो कॉक्सने लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे पाहून घडवलेली चेन. तिथे थांबत नाही, कारण माझ्या तर्कात अजून एक फट आहे. चेनसॉ आला तसे खुंटही बुटके झाले. मग खाली जागा राहिली कुठे? उतारावर राहिली! चढाच्या अंगाला गुडघ्याएवढा असलेला खुंट उताराच्या अंगाला छातीला लागतो. उताराचं उत्तर मी पुढच्या दाराने घालवलं होतं, ते मागच्या दाराने आत आलं. येऊ दे. आल्प्समधली झाडं त्यामानाने सडपातळ, म्हणून तिथे एवढा खटाटोप परवडत नसावा.

हत्यारंही याच हिशोबाने बदलतात. पॅसिफिक किनाऱ्यावर ३२ किंवा ३६ इंची बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, लावतात. उतारावर एकाच बाजूला उभं राहून आरपार कापता येतं, फांद्या छाटताना कंबर मोडत नाही. एवढ्या लांब कापात भुसा दाटतो म्हणून चेनचे दात विरळ ठेवतात. स्वीडनमध्ये स्प्रूस आणि पाइन बेताचे, तिथे १३ किंवा १५ इंची बार पुरतो. तिथून पसरलेली खाच सत्तर ते नव्वद अंश उघडी असते. ४५ अंशांचं तोंड झाड अर्ध्यावर आलं की मिटतं आणि बिजागरी तुटते. उघड्या तोंडाची बिजागरी झाड जमिनीला टेकेपर्यंत धरून ठेवते. दोन देशांचे लोक एकमेकांच्या यंत्रांना हसतात. दोघेही आपापल्या जंगलापुरते बरोबर.

गेल्या महिन्यात कुडाळला आमच्या परसातला वठलेला फणस पाडायला एक जण आला होता. चेनसॉ घेऊन, पण आधी शेंड्याला दोर बांधून. फणस अगदी जमिनीलगत कापला. चहा पिताना त्याला भाच्याचा फोटो दाखवला. त्याने बोटांनी मोठा करून, बराच वेळ पाहिला.

‘‘खाच बरी मारल्यानी,’’ तो म्हणाला, ‘‘पण येवढो खुंट कित्याक सोडल्यानी?’’