तळटीप 14 : ‘रात्रीचा स्वस्त दर’

उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या जीन्स कारखान्यांसंदर्भातला हा उल्लेख जुन्या दरपत्रकातला. तेव्हा महावितरण ठरावीक औद्योगिक ग्राहकांना रात्री 10 ते सकाळी 6 युनिटमागे दीड रुपया सवलत देई. कोळशाचे संच रोज विझवून पेटवणं परवडत नसे आणि गिऱ्हाईक तर झोपलेलं!

सौरऊर्जेने हे घड्याळ फिरवलं.

जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांनाही सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या विजेवर 80 पैसे ते 1 रुपया सूट जाहीर झाली. दिवेलागणीला मात्र मागणी चढते आणि सूर्य रजेवर. अशा वेळी घाटघरसारखा 250 मेगावॉटचा प्रकल्प कामी येतो : वीज मुबलक असताना शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याहून पाणी कड्यावर चढवायचं, टंचाईत खाली सोडायचं.