शंख : वाद्य आणि आक्रोश

समुद्रापासून इतक्या दूर, भीमेच्या कांठच्या भिगवणासारख्या गांवीं जुन्या देवघरांत शंख असतो, याचें आम्हांस नवल वाटेनासें झालें आहे. फुंकावयाचा जो भारतीय शंख, तो मुख्यत्वें मन्नारच्या आखातांत व काठेवाडच्या किनाऱ्यावर सांपडतो. देशावर शंखद्रव्य येण्याचा प्रघात मात्र पुरातन. नेवासें येथील १९५४-५६ च्या उत्खननांत शंखाच्या बांगड्या निघाल्या आहेत.

संग्राहकांनीं प्रथम हें पाहावें कीं, पूजेचा शंख व वाजविण्याचा शंख हे दोन निराळे. पहिल्याचें टोंक अखंड असून तो जल भरण्यासाठीं. दुसऱ्याचें टोंक कापून मुख केलेलें असतें. पळसदेवाच्या जुन्या देवळासारख्या शिवस्थानीं (हें देऊळ उजनीच्या पाण्यांत असून उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे दिसतें) शंखोदकाचा अभिषेक वर्ज्य, पण शंखनादास बाध नाहीं. दक्षिणावर्त म्हणून विकावयास येणाऱ्या शंखांविषयीं सावध असावें, इतकेंच येथें सांगतों.

गीतेच्या प्रथमाध्यायांत कृष्ण व पांच पांडव यांच्या शंखांस स्वतंत्र नांवें आहेत. मराठ्यांच्या लष्करांत तें स्थान शिंग, कर्णा व नौबत यांनीं घेतलें, आणि शंख देवळांत राहिला. पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांवर शंखाचें काम निराळें : लोकांस जमविणें, सायंप्रार्थनेची वेळ कळविणें. आपल्याकडे शंखाची अशी हांक मराठी भाषेंत उरली आहे, परंतु ती संकटाची.

‘शंख करणें’ म्हणजे तोंडावर हात मारून बोंब ठोकणें. शिमग्याच्या बोंबेसहि विनोदानें शंखध्वनि म्हणतात. मंगल वाद्यास हा अमंगल अर्थ कसा चिकटला ? लिंगायतांत प्रेतयात्रेपुढें शंख वाजवितात, त्यावरून तो आला असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. हा वाक्प्रचार सर्व जातींच्या तोंडीं आहे, आणि बोंब मारणाराचा मुखाशीं गेलेला हात शंख फुंकणाराच्या हातासारखाच दिसतो. सादृश्य एवढें उघड असतां दूरचें कारण कशास शोधावें? (मूर्खास ‘शंख’ वा ‘ढपोरशंख’ म्हणतात तो प्रकार वेगळा, त्याचें मूळ दुप्पट देऊं म्हणणाऱ्या पण कांहींच न देणाऱ्या शंखाच्या कथेंत आहे.)

जुने कागद वाचणारांस हा भेद केवळ कोशापुरता नाहीं. तंट्याच्या कागदांत ‘दारीं येऊन शंख केला’ असें आढळल्यास तेथें पूजाअर्चा किंवा वाजंत्री कल्पूं नये. कोणी तरी गाऱ्हाणें घेऊन आक्रोश करीत उभा आहे, असें वाचावें. देवस्थानाच्या यादींत घंटा, पळी, पंचपात्री यांच्या ओळींत शंख आला तर तो वस्तु. संशय पडल्यास क्रियापद पाहावें : फुंकला वा वाजविला तर वाद्य, केला तर बहुधा बोंब.